विकत की भाड्याने? ट्रॅव्हल ट्रेलरबद्दल वाचकांचे प्रश्न

गाडीमागे ओढायच्या, आत राहायची सोय असलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरबद्दल आलेल्या पत्रांत मुख्य प्रश्न एकच होता: घ्यावा की भाड्याने आणावा? त्यातली सात पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही चौघं. वर्षातून आठ-आठ रात्रींच्या दोन सुट्ट्या आणि जोडून आलेले तीन-चार शनिवार-रविवार एवढंच आमचं फिरणं. दर वेळी भाडं भरण्यापेक्षा एकदाच ट्रेलर घेऊन टाकावा असं वाटतं. हिशेब कसा मांडायचा?

पैशांऐवजी रात्रींत मांडा. तुम्हाला हवा त्या आकाराच्या ट्रेलरचं एका रात्रीचं भाडं म्हणजे १ एकक. बाकी सगळा खर्च याच मापाने मोजायचा.

आधी भाड्याची बाजू पाहू. साफसफाई, ताबा देणं-घेणं, विम्याची किमान रक्कम हे खर्च सहलीमागे एकदाच लागतात. ते अर्ध्या रात्रीएवढे धरले, तर आठ रात्रींच्या दोन सहलींचे झाले १७. दोन रात्रींच्या चार सहलींचे मात्र ८ नव्हे, १० होतात, कारण ठरावीक खर्च दोनच रात्रींवर पडतो. छोट्या सहलीला ट्रेलर महाग पडतो तो यामुळे. एकूण २७.

आता विकतची बाजू. समजा नव्या ट्रेलरची किंमत २५० रात्रींच्या भाड्याइतकी आहे आणि पाच वर्षांनी तो १५० ला विकला जाईल. म्हणजे घसारा १००, वर्षाला २०. विमा, नोंदणी आणि उभा करायची जागा मिळून १०. टायर, बेअरिंग, सीलंट, बॅटरी यांचे ५. गुंतलेल्या सरासरी २०० वर ६ टक्क्यांनी व्याज १२. मग ते बँकेला भरा किंवा बुडालेलं व्याज म्हणून धरा, आकडा तोच. बेरीज ४७. भाडं २७ आणि मालकी ४७, म्हणजे नव्याचा विषय इथेच संपतो.

पाच वर्षं वापरलेला ट्रेलर १४० ला घेतला आणि आणखी पाच वर्षांनी ९५ ला विकला, तर घसारा वर्षाला ९, विमा आणि जागा ८, दुरुस्ती जास्त म्हणून ८, व्याज ७. एकूण ३२. घराशेजारी स्वतःची जागा असेल आणि त्यातले ५ वाचत असतील, तर २७. म्हणजे तुमच्यासारख्यांचा निकाल ट्रेलरच्या किमतीपेक्षा तो उभा कुठे राहणार यावर लागतो!

हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. इंधन आणि मुक्कामाच्या जागेचं भाडं दोन्हीकडे सारखंच, ते हिशेबात घेऊ नका. पण ट्रेलरसाठी मोठी गाडी घ्यावी लागणार असेल, तर तो फरक मालकीच्या खात्यात जातो आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यात मोठा आकडा ठरतो. रात्री मोजताना मागच्या तीन वर्षांत खरोखर घराबाहेर काढलेल्या रात्रींची सरासरी घ्या. "ट्रेलर असला की जास्त जाऊ" हे पहिल्या वर्षी खरं ठरतं, पुढे सहसा नाही.

प्रश्न : आमच्या गाडीची ओढण्याची क्षमता २,२७० किलो आहे आणि आवडलेल्या ट्रेलरचं वजन १,९०० किलो. म्हणजे ३७० किलो शिल्लक आहेत. मग अडचण काय?

माहितीपत्रकातले १,९०० किलो रिकाम्या ट्रेलरचे असतात. पाणी, गॅस, सामान त्यात धरलेलं नसतं आणि बऱ्याचदा बॅटरीही नसते. १५० लिटरची पाण्याची टाकी भरली की १५० किलो. ९ किलो गॅसच्या दोन टाक्या पत्र्याच्या वजनासकट साधारण ३४. शिशाची एक बॅटरी २५ ते ३०. अंथरुणं, भांडी, किराणा, खुर्च्या, अवजारं यांचे २५० किलो चार जणांच्या कुटुंबात सहज होतात. बेरीज २,३६० च्या घरात जाते. तुमची मर्यादा ओलांडली.

म्हणून ट्रेलर निवडताना रिकामं वजन बघूच नका. ट्रेलरच्या पाटीवर 'भरलेलं कमाल वजन' लिहिलेलं असतं, ते तुमच्या क्षमतेत बसायला हवं. जाताना पाण्याची टाकी तळाशी थोडी ठेवून मुक्कामावर भरली तर १०० किलोंवर वजन वाचतं, पण ती सोय समजा, हिशेबातली जागा नव्हे.

दुसरा अडसर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ट्रेलरचं पुढचं टोक (टंग) गाडीच्या मागच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्यावर, जेवढा भार टाकतं, त्याला टंग वेट म्हणतात. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरमध्ये तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. २,३६० च्या १२ टक्के म्हणजे सुमारे २८० किलो. हा भार तुमच्या गाडीत बसलेल्या माणसासारखाच मोजला जातो. गाडी किती ओझं उचलू शकते हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात असतं. तो आकडा ५६० असेल, तर चार माणसं २४०, डिकीतलं सामान ६०, हिचचं, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांगाड्याचं, लोखंड ४० आणि हे २८० मिळून ६२० होतात. ओढण्याची क्षमता संपायच्या आधीच उचलण्याची क्षमता संपलेली असते. युरोपी पद्धतीचे हलके ट्रेलर मुळातच कमी टंग वेटसाठी बांधलेले असतात आणि तिथल्या बऱ्याच गाड्यांना ७५ ते १०० किलोंचीच परवानगी असते. एकीकडचा नियम दुसरीकडच्या ट्रेलरला लावू नका.

कागदावर भरवसा ठेवण्यापेक्षा वजनकाट्यावर जा. तीन वजनं करायची. पहिलं, सगळी माणसं आणि सामान घेऊन नुसत्या गाडीचं. दुसरं, ट्रेलर जोडून, पण फक्त गाडीची चाकं काट्यावर ठेवून. टोकाचा भार गाडीच्या आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटणाऱ्या दांड्या असतील तर त्या या वेळी ढिल्या ठेवा, नाहीतर आकडा फसवतो. तिसरं, दोन्हींचं मिळून. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की टंग वेट मिळतं. तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलरचं खरं वजन.

प्रश्न : भाड्याचा ट्रेलर पहिल्यांदाच नेतो आहोत. ताब्यात घेताना काय बघायचं आणि रस्त्यावर काय बिघडू शकतं?

ताबा घेताना एक तास राखून ठेवा. चारी बाजू, छताच्या कडा, आतली जमीन आणि प्रत्येक कपाट यांचा व्हिडिओ काढा. अनामत रकमेवरून होणाऱ्या बहुतेक वादांना हा व्हिडिओच उत्तर असतो.

टायरची नक्षी चांगली दिसली तरी वय बघा. बाजूवर कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. ट्रेलरचे टायर नक्षी झिजण्याआधी वयाने जातात, कारण ते महिनोन् महिने एका जागी भार घेऊन उन्हात उभे असतात. पाच-सहा वर्षांपुढचा टायर असेल तर दुसरा ट्रेलर मागा. हवा टायर गार असतानाच तपासायची.

जोडताना कपलर, म्हणजे ट्रेलरच्या टोकाची वाटी, बॉलवर बसवून कडी लावली, खीळ घातली, म्हणजे झालं असं समजू नका. पुढचा जॅक पुन्हा फिरवून टोक तीन-चार सेंटिमीटर वर उचला. गाडीचा मागचा भाग त्याबरोबर उचलला गेला तर कपलर नीट बसलाय. बॉलवरून निसटून वर आला, तर कडी बॉलच्या खालून न जाता नुसतीच वर टेकली होती. ट्रेलर रस्त्यात सुटण्यामागे हे एक नेहमीचं कारण असतं आणि ते तपासायला अर्धं मिनिट पुरतं. साखळ्या टोकाखालून फुलीसारख्या ओलांडून लावा, म्हणजे कपलर सुटलाच तर रस्त्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतो. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी जी बारीक तार असते, ती साखळीला न बांधता गाडीला वेगळी अडकवायची.

निघाल्यावर मोकळ्या जागेत ३०-४० च्या वेगात ब्रेक कंट्रोलरची (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावायच्या यंत्राची) कळ हाताने दाबून बघा. ट्रेलरने मागे सरळ ओढ द्यायला हवी. चाकं घासली तर ब्रेकचा जोर कमी करा, काहीच जाणवलं नाही तर वाढवा. चाक नुकतंच बसवलेलं असेल तर ८० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे.

रस्त्यावरचा खरा धोका हेलकाव्यांचा. जड सामान मागच्या बाजूला भरलं की टंग वेट कमी होतं आणि मोठा ट्रक शेजारून गेला किंवा उतार लागला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका आणि वेग वाढवून सरळ करायच्या फंदातही पडू नका. स्टीअरिंग सरळ घट्ट धरा, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलरच्या कळीने लावा. वेग उतरला की हेलकावे थांबतात. मग बाजूला थांबून सामान पुढे, चाकांच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे हलवा. तसंच पुढे निघालात तर पुढच्या उतारावर पुन्हा तेच होणार.

मुक्कामावरच्या दोन चुका सगळ्यात महाग पडतात. पहिली म्हणजे गीझरची टाकी रिकामी असताना विजेचं बटण दाबणं. एलिमेंट काही क्षणांत जळतं. आधी गरम पाण्याचा नळ उघडा आणि हवा जाऊन अखंड धार लागली की मगच बटण लावा. दुसरी, ट्रेलरच्या बाजूची उलगडायची कापडी छत्री (ऑनिंग) पसरून झोपणं. रात्री वारा सुटला की ती दांड्यांसकट उलटून छतावर आपटते.

आणि ट्रेलरची उंची एका चिठ्ठीवर मोठ्या आकड्यांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. पूल समोर आल्यावर ती आठवत नाही.

प्रश्न : ओढायला योग्य गाडीच नाही. मग भाड्याचा विचारही सोडून द्यायचा का?

नाही. बरेच भाड्याने देणारे ट्रेलर मुक्कामाच्या जागी आणून, समतल उभा करून, पाणी-वीज जोडून देतात आणि शेवटी घेऊन जातात. आठ रात्री एकाच ठिकाणी राहणार असाल, तर गाडी आहे त्यांनीही हा पर्याय बघावा. मात्र कितव्या किलोमीटरपर्यंत पोहोचवण्याचा खर्च धरला आहे, मैल्याची टाकी शेवटी कोण रिकामी करणार आणि जनरेटरचे तास वेगळे मोजतात का, हे तिन्ही लेखी घ्या.

प्रश्न : वापरलेला ट्रेलर बघायला जाणार आहोत. वरून चकचकीत आहे. फसायचं नसेल तर कुठे बघायचं?

पाणी शोधा. इंजिन नाही, गिअर नाही, तेव्हा ट्रेलर मरतो तो बहुधा ओलीने. पातळ लाकडी चौकटीत आणि प्लायवूडमध्ये पाणी वर्षानुवर्षं मुरतं आणि वरचा पत्रा किंवा फायबरग्लास तसाच चमकत राहतो.

शक्यतो पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. दार उघडल्याबरोबर वास घ्या. सुगंधी फवारा मारलेला असेल तर तो का मारलाय ते स्वतःलाच विचारा. बाहेरून भिंतीला डोळा लावून तिरक्या उजेडात बघा. फायबरग्लासवर फुगवटा किंवा लाट दिसली आणि तळव्याने दाबल्यावर ती आत-बाहेर झाली, तर थर सुटलेले आहेत. ही दुरुस्ती इतकी महाग असते की तिथूनच परत फिरा.

आत अंगठा हेच अवजार. चारी वरचे कोपरे, खिडक्यांचे खालचे कोपरे, छतावरच्या झरोक्यांभोवती, दारातली जमीन, संडासाच्या बुडाशी आणि सरकती खोली (मुक्कामावर भिंतीतून बाहेर सरकवायचा भाग) असेल तर तिचे दोन्ही कोपरे अंगठ्याने जोरात दाबा. कपाटांच्या आत तर नक्कीच, कारण रंगकाम करणारे तिथपर्यंत पोहोचत नाहीत. लाकूड दबलं, भिंतीचा कागद सुरकुतलेला दिसला किंवा स्क्रूच्या डोक्याभोवती गंजाचा तपकिरी गोल दिसला, की पाणी आलेलं आहे. ओल मोजायचं छोटं यंत्र जवळ असलं तर कोरड्या मधल्या भिंतीवर आधी वाचन घ्या आणि कोपऱ्यांची त्याच्याशी तुलना करा.

छतावर शिडी लावून चढा. सांध्यांवरचं सीलंट तडकलेलं असणं हा मोठा दोष नाही, ते काढून नवं भरता येतं. एकाच कोपऱ्यात ताजं, बाकी सगळीकडे जुनं, असं दिसलं तर त्या कोपऱ्याखालचं कपाट पुन्हा उघडा. सांध्यांवर साधं सिलिकोन थापलेलं असेल तर किंमत उतरवायला सांगा. त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही आणि सगळं खरवडून काढावं लागतं.

गॅसवर चालणारा शोषण-पद्धतीचा फ्रिज असेल तर विकणाऱ्याला आदल्या दिवशीच चालू करायला सांगा. तो गार व्हायला बरेच तास लागतात, तुमच्यासमोर लावून काही कळणार नाही. मागच्या बाहेरच्या झाकणाआड पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास आला तर त्याची शीतनळी गेली. असे फ्रिज वाकड्या जागी चालवले की आतला द्रव फिरत नाही आणि नळी आतून चोंदते. म्हणून त्यांना समतल जागा लागते. १२ व्होल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या फ्रिजला ही कटकट नाही.

पाण्याचा पंप लावा, सगळे नळ बंद करा आणि दहा मिनिटं शांत बसा. कुणी नळ न उघडताही पंप मधूनमधून घुरघुरला, तर दाब कुठेतरी सुटतोय: नळीच्या जोडात, नाहीतर पंपाच्या एकमार्गी झडपेत. पहिलं असेल तर पाणी जमिनीखाली जातंय.

प्रश्न : ट्रेलर घेऊन मधल्या काळात आम्हीच तो भाड्याने दिला तर हप्ते निघतील का?

कागदावर निघतात. पण तुम्हाला ट्रेलर हवा असतो त्याच सुट्ट्यांत लोकांनाही हवा असतो. त्या रात्री दिल्यात तर तुमचं जाणं राहिलं, आणि नाही दिल्यात तर उरतात मंदीच्या रात्री. खाजगी विमा बहुधा भाड्याचा वापर धरत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. प्रत्येक फेरीनंतर धुणं, मैल्याची टाकी, तुटलेली बिजागरी आणि परतीच्या वेळेवरून फोन, हे काम कुणीतरी करायचंच असतं. ज्यांना हा धंदा म्हणून करायचाय त्यांनी जरूर करावा. निव्वळ खरेदीचं समर्थन म्हणून हे उत्पन्न हिशेबात धरू नका.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त. वर्षाला ८०-९० रात्री बाहेर राहायचा बेत आहे, घरी जागा आहे, गाडीही जड ओढणारी आहे. आम्हीही आधी भाड्यानेच आणावा का?

तुमच्या बाबतीत हिशेब खरेदीच्या बाजूने आहे, शक्यतो वापरलेल्या ट्रेलरच्या. तरी आधी दोन वेगवेगळ्या आतल्या रचनांचे ट्रेलर चार-चार रात्री आणाच. हा खर्च म्हणजे चुकीची रचना घेऊन वर्षभरात विकण्याच्या तोट्यापुढे किरकोळ.

दोन्ही ट्रेलरमध्ये पुढच्या गोष्टी करून बघा. कोपऱ्यात ढकललेल्या पलंगावर आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री दुसऱ्याला ओलांडून उठावं लागतं. दोन रात्रीत कळेल ते चालणार आहे की नाही. सरकती खोली बंद ठेवून संडासात आणि फ्रिजपर्यंत जाता येतं का बघा, कारण वाटेत थांबाल तेव्हा ती बंदच असेल. वीज-पाण्याची जोडणी न घेता दोन रात्री काढा. सांडपाण्याची टाकी बहुतेकदा मैल्याच्या टाकीच्या आधी भरते. दोन अंघोळींना मिळून ४० लिटर आणि भांड्यांना १५ धरले, तर १२० लिटरची टाकी दोन दिवस पुरते. ती मागच्या बाजूला असेल तर भरलेली घेऊन निघू नका, वर सांगितलेले हेलकावे तिथूनच सुरू होतात. मैल्याच्या टाकीची झडप मात्र टाकी दोन-तृतीयांश भरेपर्यंत बंदच ठेवायची. उघडी राहिली तर पाणी वाहून जातं आणि मैला मागे साचून दगडासारखा होतो. सोडताना आधी मैल्याची, मग सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते.

थंडीत गेलात तर बॅटरीची परीक्षा होते. १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतून निम्मेच, म्हणजे ५० वापरायचे, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. हीटर गॅसवर चालला तरी त्याचा पंखा विजेवर चालतो. तो चालू असताना ७ अँपिअरच्या आसपास खातो आणि आठ तासांच्या रात्रीत निम्मा वेळ चालला तर २८ गेले. पहाटे बॅटरी विसावलेली असताना व्होल्टमीटर १२.१ च्या खाली दाखवत असेल, तर घेताना दुसऱ्या बॅटरीची किंवा लिथियमची तरतूद धरा. लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही, तेव्हा ती बाहेर टंगवर न ठेवता आत बसवायची जागा त्या ट्रेलरमध्ये आहे का, हेही बघून ठेवा.